जर्मनीत शिकायला आल्यावर रोजच्या जेवणाची घडी कशी बसवायची?

उंबरठा

नमस्कार मंडळी. मी ऑक्टोबरात मास्टर्ससाठी इल्मेनाऊला आले. थुरिंगिया राज्यातलं लहानसं विद्यापीठाचं गाव आहे, चहूबाजूंनी जंगल. अभ्यास आवडतोय, वसतिगृहाची खोली उबदार आहे, सोबतची मुलंही चांगली आहेत. अडतंय ते जेवणापाशी.

उपाशी राहतेय असं मुळीच नाही. पोट भरतं, पण जेवल्यासारखं वाटत नाही. हे घरी फोनवर सांगितलं तर आईला झोप लागणार नाही, म्हणून इथे लिहितेय. सकाळी पाव, दुपारी विद्यापीठाच्या मेन्झात, म्हणजे खानावळीत, जे शाकाहारी असेल ते, संध्याकाळी पुन्हा पाव नाहीतर नूडल्स. घरी आम्ही नऊला जेवायचो. इथे नऊपर्यंत स्वयंपाकघरातलं सगळं आवरून झालेलं असतं, आणि तेव्हा एकटीसाठी भांडी काढायचा उत्साह राहत नाही.

मी अंडं खाते, मांस-मासे नाही. स्वयंपाकघर सहाजणांत मिळून आहे. काचेच्या सपाट पृष्ठभागाची विजेची शेगडी आहे. मला वरण-भात, बटाट्याची भाजी, पोहे इतपत येतं. पोळ्या नीट येत नाहीत. भारतीय किराणा जवळ नाही, त्यासाठी रेल्वेने एर्फुर्ट गाठावं लागतं.

तुम्ही रोजचं काय करता? सवय होते म्हणतात. ती आपोआप होते की त्यासाठी काही करावं लागतं?

पहाटवारा

मी केम्निट्झला आहे, तुझ्याच शेजारच्या राज्यात. सवय आपोआप होत नाही. पहिल्या सत्रात माझ्याबरोबरच्या कित्येकांनी नूडल्स आणि गोठवलेला पिझ्झा यांवरच दिवस काढले. त्याने पैसे वाचत नाहीत आणि थंडीत सतत मरगळ राहते.

आधी एक कर. मुख्य जेवण दुपारी घे. मेन्झात दुपारचं गरम जेवण विद्यार्थ्याला जितक्या स्वस्तात मिळतं तितक्यात बाहेर कुठेच मिळत नाही, कारण ती स्टुडिरेंडनवेर्क ही विद्यार्थ्यांच्या सोयी बघणारी संस्था चालवते आणि विद्यार्थ्यांचा दर वेगळा, कर्मचारी आणि पाहुण्यांचा वेगळा असतो. तुझ्याकडे थोस्का, म्हणजे विद्यार्थी ओळखपत्राचं कार्ड असेलच, त्यावर पैसे भरून ठेव. आठवड्याचा मेनू आधीच लागतो, रविवारी रात्री तो बघून घे. ज्या दिवशी तिथे तुझ्यासाठी धड काही नाही त्या दिवशीचा डबा आदल्या रात्री कर. म्हणजे रोज स्वयंपाक नाही आणि रोज मेन्झाही नाही.

हिरवळ

मी कांदा-लसूण खाते पण अंडंही खात नाही, त्यामुळे मला पदार्थांवरचं बारीक अक्षर वाचायची सवय फार लवकर लावून घ्यावी लागली. तुझ्या कामाचं सांगते.

मेन्झात प्रत्येक पदार्थासमोर खुणा असतात: डुकराचं मांस, गोमांस, मासे, शाकाहारी, व्हेगन. त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. खरी काळजी बाहेरच्या जेवणात घ्यायची. बटाट्याची कोशिंबीर, शिजवलेली कोबी, मसुराचं सूप हे ऐकायला शाकाहारी वाटतं, पण त्यात 'श्पेक' म्हणजे डुकराच्या चरबीचे तुकडे असू शकतात किंवा मांसाचं पाणी वापरलेलं असतं. 'यात मांस नाही ना' असं विचारलं तर कधीकधी 'नाही, नुसता श्पेक आहे' असं प्रामाणिक उत्तर मिळतं. म्हणून थेट 'व्हेगेटारिश आहे का' असं विचारायचं. शाकाहारी म्हटलं की अंडं चालतं असं इथे गृहीत धरतात. तुझं त्यात अडणार नाही, माझं अडतं.

दुकानात जिलेटिनकडे लक्ष ठेव, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. बहुतेक गमीच्या गोळ्यांत ते असतं, काही पुडिंग आणि योगर्टमध्येही असतं. चीजमध्ये 'लाब' म्हणजे दूध फाडायचं विरजण असतं, ते 'मिक्रोबिएल' लिहिलेलं असेल तर प्राणिज नाही. परमेसानमध्ये मात्र ते नेहमी प्राणिजच असतं. हिरवं 'व्ही' चिन्ह दिसलं की एवढं वाचत बसावं लागत नाही.

ईझारकाठी

उंबरठा, तुझं लिहिणं वाचून थांबलो. मी म्युनिकला नव्वदच्या दशकात शिकायला आलो आणि इथेच राहिलो. तेव्हा तूरडाळ मिळाली की मित्रांना फोन व्हायचे. आता दुकानांत इतकं मिळतं की प्रश्न वस्तूंचा राहिलेलाच नाही.

तू लिहिलंस, पोट भरतं पण जेवल्यासारखं वाटत नाही. माझ्या मते त्याची दोन कारणं असतात. एक चवीचं. आपल्या ताटात एका वेळी आंबट, तिखट, खारट, कुरकुरीत, मऊ असं सगळं असतं. इथल्या ताटात एक मोठा पदार्थ, बाजूला बटाटा आणि वर सॉस. वाईट नसतं, पण जिभेला फिरायला जागा मिळत नाही. यावर उपाय सोपा आहे. लिंबाचं लोणचं, शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी यातलं काहीतरी एका छोट्या डबीत घालून दप्तरात ठेव. मेन्झातल्या बटाट्याबरोबर शेंगदाण्याची चटणी खाल्लीस की मला काय म्हणायचंय ते कळेल. कुणी वळून बघत नाही, उलट चव मागतात.

दुसरं कारण एकटीने खाण्याचं. घरी जेवायला बसणं म्हणजे दिवसभराचं बोलणं असायचं. खोलीत मोबाईल समोर ठेवून खाल्लेलं घशाखाली जातं आणि काय खाल्लं हे तासाभराने आठवतही नाही. माझा आग्रह आहे की मसाल्यांची यादी करायच्या आधी तू हे बघ. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरव, तुझ्या स्वयंपाकघरातल्या सहाजणांना सांग की आज सगळ्यांसाठी भात आणि आमटी मी करते. पुढच्या आठवड्यात दुसरं कुणी काही करेल. जर्मन विद्यार्थ्यांना ही पद्धत चांगली ओळखीची आहे, ते अशा संध्याकाळीला 'कोखआबेंड' म्हणतात.

भीमातीर

दादांचं एकटं खाण्याबद्दलचं पटलं, पण मसाल्यांची यादी नंतर हे नाही पटलं. सोलापूरकडच्या माणसाला काळ्या मसाल्याशिवाय आणि भाकरीशिवाय चार दिवसही निघत नाहीत. मी आखेनला होतो तेव्हा ज्वारीचं पीठ मागवून भाकरी थापायचो आणि त्या दिवशी अभ्यासही चांगला व्हायचा. आपलं जेवण हवं वाटणं ही कमजोरी नाही. आठवड्यातून दोनदा तरी पूर्ण आपलं ताट करा, अर्धवट जुगाड नको.

ईझारकाठी

भीमातीर, पूर्ण ताटाला माझा विरोध नाही. मी मुलं बघितली आहेत जी तूरडाळ संपली म्हणून आठवडाभर नूडल्स खातात, आणि समोरच्या दुकानात मसूर पडलेला असतो. ते मला खटकतं. आपलं ताट इथल्या मालावर उभं राहू शकतं, त्यासाठी इथलं दुकान नीट बघायला शिकावं लागतं.

पहाटवारा

हे मात्र खरं. लाल मसूर, 'रोटं लिंझन', जवळजवळ प्रत्येक दुकानात मिळतो, औषधं-सौंदर्यप्रसाधनांच्या डीएममध्ये आणि रोसमानमध्येसुद्धा. कुकर लागत नाही, पंधरा-वीस मिनिटांत गळतो. 'गेल्बं शेलएर्ब्झन' म्हणजे वाटाण्याची पिवळी डाळ, आमटीला चालते. रवा 'ग्रीस' नावाने मिळतो. बेसन 'किशरएर्ब्झनमेल'. डब्यातले शिजवलेले हरभरे धुऊन घेतले की उसळ लगेच होते. साजूक तुपाला 'बुटरश्माल्झ'.

आणि एक जपायचं: 'क्युमेल' म्हणून जी पुडी मिळते ते आपलं जिरं नव्हे, वास शहाजिऱ्याच्या वळणाचा असतो. जिऱ्याच्या पुडीवर 'क्रॉइत्सक्युमेल' लिहिलेलं असतं. फोडणीत चुकीचं पडलं की सगळ्या भाजीची चव फिरते.

जातं

मी अन्नतंत्रज्ञान शिकलोय आणि पिठावर काम करतो, त्यामुळे पोळ्यांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. इथे आलेली बहुतेक मुलं पहिल्यांदा ४०५ नंबरचं पीठ आणतात, कारण तेच सगळ्यात स्वस्त आणि समोर ठेवलेलं असतं. त्याच्या पोळ्या गरम असताना बऱ्या लागतात, गार झाल्या की चामड्यासारख्या होतात. दोष लाटणाऱ्याचा नसतो.

हे आकडे म्हणजे पीठ जाळल्यावर मागे उरणाऱ्या राखेचं प्रमाण, १०० ग्रॅम पिठामागे किती मिलिग्रॅम. राख जितकी जास्त तितका कोंड्याचा भाग जास्त. म्हणजे ४०५ हा जवळपास मैदा, ५५० त्याच्या किंचित पुढचं, १०५० बऱ्यापैकी कोंड्याचं आणि 'फोलकोर्न' म्हणजे अख्ख्या गव्हाचं. फोलकोर्नवर नंबर नसतो. आता वाटेल की सरळ फोलकोर्न घ्यावं. पण आपली कणीक चक्कीत दगडांमध्ये दाबून, घासून दळली जाते. त्यात स्टार्चचे कण मोठ्या प्रमाणावर फुटतात, म्हणून ती पाणी भरपूर पिते आणि पोळी मऊ राहते. इथलं फोलकोर्न वेगळ्या प्रकारे दळलेलं असतं, कोंडा जाडसर राहतो आणि तो लाटताना पोळी फाडतो.

माझी रीत अशी: निम्मं ५५०, निम्मं फोलकोर्न. फोलकोर्न चाळून जाडा कोंडा काढून टाकायचा. कोमट पाणी, चमचाभर तेल, आणि कणीक मळून किमान अर्धा तास झाकून ठेवायची. हा अर्धा तास महत्त्वाचा आहे, कोंड्याला पाणी शोषायला तेवढा वेळ लागतोच. 'डिंकेल' नावाचा जुन्या जातीचा गहू मिळतो, त्याचं ६३० नंबरचं पीठ फार चांगलं लाटलं जातं, कारण त्याचं ग्लुटेन ताणलं की परत आखडत नाही. थोडं महाग पडतं. नवशिक्याने डिंकेलवर हात बसवावा असं माझं मत आहे.

राय म्हणजे 'रोगन'च्या पिठाच्या वाटेला पोळीसाठी जाऊ नये, ते चिकट होतं. भाकरीला ज्वारीच आणावी, भीमातीर म्हणतात ते बरोबर.

जाता जाता: इथल्या पावाला कंटाळा यायच्या आधी बेकरीतला खरा पाव खाऊन बघ. पाकिटातला कापलेला टोस्ट नव्हे. जर्मन पावसंस्कृती २०१४ पासून त्यांच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत आहे. रायचा आंबवलेला पाव, वर लोणी, मीठ आणि चिरलेला मुळा. आंबोळीचा आंबूसपणा आवडणाऱ्याला तो आवडावा.

सातारची_आई

मी वाचकच आहे, पहिल्यांदा लिहितेय. माझी लेक मार्चमध्ये जर्मनीला निघतेय. उंबरठा, बाळा, तुझं वाचून डोळे भरून आले, पण आईला सांग गं. आम्हाला कळतंच आवाजावरून.

माझा प्रश्न सामानाचा. विमानात तेवीस किलो. मी तूप, पेढे, कढीपत्ता, गोडा मसाला, लाडू, ओला नारळ असं काढून ठेवतेय. सगळं चालतं का? आणि मिक्सर, कुकर न्यायचा का?

हिरवळ

काकू, तूप आणि पेढे काढून ठेवा. युरोपियन युनियनबाहेरून येताना प्रवाशांना दूध आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, त्यात तूप, खवा, चक्का सगळं आलं. तुपाचे लाडूही मी देणार नाही, विचारणा झाली तर पोरीला तिथे उभं राहून समजावत बसावं लागतं.

ताजा कढीपत्ताही नको. १४ डिसेंबर २०१९ पासून ताजी फळं-भाजी-पानं आणायची तर रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. फक्त पाच फळांना सूट आहे: अननस, नारळ, दुरियन, केळं आणि खजूर. म्हणजे नारळ चालेल, हापूस नाही. कढीपत्ता सावलीत खडखडीत वाळवून द्या.

गोडा मसाला जरूर द्या, पण त्यात खसखस असेल आणि विमान दुबईमार्गे असेल तर बिनखसखशीचा करा. अमिरातीत खसखस बंदी असलेल्या वस्तूंत मोडते. जर्मनीत ती बेकरीच्या सामानात राजरोस मिळते, इथे येऊन भाजून घालता येईल.

पहाटवारा

मिक्सर चालतो. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, फक्त पिन वेगळी. चांगल्या प्रतीचा अडॅप्टर घ्या, हलक्या अडॅप्टरवर मिक्सर लावू नका.

कुकर आधी शेगडी विचारून मग. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही, बुडाला लोहचुंबक चिकटेल असाच हवा. साध्या काचेच्या शेगडीवर कुठलाही चालतो, बूड सपाट पाहिजे. मात्र ती शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, म्हणून शिट्ट्या झाल्या की कुकर उचलून बाजूला ठेवायचा. गॅसच्या सवयीने तो तिथेच ठेवला तर भात खाली लागतो.

बाकी वजन मसाले, कोकम, पापड, कोरड्या चटण्या, भाजणी यांवर घालवा. डाळ-तांदूळ इथे मिळतात.

भीमातीर

भाजणी! थालीपीठ लाटायला नको, मळून ठेवायला नको, तव्यावर थापलं की झालं. लेकीला दोन किलो भाजणी द्या काकू, दुवा देईल.

परतपाखरू

मी शिकून भारतात परत आले. इथे अजून कुणी वासाबद्दल बोललं नाही, म्हणून लिहिते. एकत्र स्वयंपाकघरात हा विषय निघतोच आणि मन दुखावतं.

आमच्या मजल्यावर एका मुलीने सांगितलं की तुझ्या फोडणीचा वास माझ्या जॅकेटला लागतो. तिचा सूर वाईट नव्हता. मला त्या रात्री फार एकटं वाटलं, पण सकाळी विचार केला तर तिचा मुद्दा व्यवहाराचा होता. जॅकेट स्वयंपाकघराच्या दाराशीच टांगलेलं असायचं आणि हिवाळ्यात खिडक्या बंद. नंतर मी फोडणीच्या आधीच खिडकी पूर्ण उघडायला लागले. जर्मनीत घर असंच हवेशीर करतात, खिडकी किलकिली न ठेवता पाच-दहा मिनिटं सताड उघडायची. दार बंद, वरचा पंखा चालू, तेल धुरापर्यंत तापू द्यायचं नाही. तेलाचा धूर महत्त्वाचा, कारण सोळाही राज्यांत घरात धुराचे अलार्म सक्तीचे आहेत आणि वसतिगृहात ते थेट अग्निशमन दलाला जोडलेले असू शकतात. मोहरी तडतडायला तेल धुरावं लागत नाही.

हिंग मी घट्ट झाकणाच्या बाटलीत, ती बाटली आणखी एका डब्यात ठेवायचे. आणि ती मुलगी? तिला मसाले भात इतका आवडला की तिने लिहून घेतला.

तुझ्या अन्नाची लाज वाटून घेऊ नकोस, उंबरठा. इतरांच्या सोयीची काळजी घेणं वेगळं आणि लपूनछपून खाणं वेगळं. मी अशा मुली पाहिल्यात ज्या वासाच्या भीतीने स्वयंपाकच सोडून देतात. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. परतपाखरू, तुमचं वाचून बरं वाटलं, कारण नऊ वाजता भांडी न काढण्यामागे हीच भीती होती.

दोन शंका. रविवारी सगळं बंद असतं, त्याचं नियोजन कसं करता? आणि भाज्या. मला इथे फक्त बटाटा, गाजर आणि कोबी दिसतो.

ईझारकाठी

रविवारची बंदी गंमत म्हणून आलेली नाही. जर्मनीच्या १९१९ च्या वायमार संविधानाच्या कलम १३९ ने रविवार आणि सणाचे दिवस विश्रांतीचे म्हणून राखले, आणि आजच्या मूलभूत कायद्याच्या, म्हणजे सध्याच्या संविधानाच्या, कलम १४० ने ते कलम तसंच कायम ठेवलं. वायमार तुझ्याच राज्यात आहे, जाऊन ये. रेल्वे स्टेशनातली दुकानं, पेट्रोलपंप आणि काही तास बेकऱ्या उघड्या असतात, पण स्टेशनवर आणि पंपावर भाव जास्त.

रविवारबरोबर सणाच्या सुट्ट्याही धर. ३ ऑक्टोबर देशभर, ३१ ऑक्टोबर तुमच्याकडे थुरिंगियात. दोन्ही नेमक्या नव्या मुलांच्या पहिल्याच महिन्यात येतात. नाताळात सलग बंद दिवस येतात, तेव्हा मेन्झाही बंद असते आणि वसतिगृह रिकामं होतं. त्या आठवड्याची तरतूद आधी कर, आणि शक्य असेल तर त्या दिवसांत एकटी राहू नकोस. बऱ्याच शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत.

भीमातीर

भाज्यांचं मी सांगतो. कोलराबी म्हणजे आपला नवलकोल, पाल्यासकट घे. 'श्पिट्सकोल' नावाची टोकदार कोबी मिळते, ती कोवळी आणि गोडसर असते, हरभरा डाळ घालून भाजीला एक नंबर. शेपू 'डिल' म्हणून मिळतो, पण जुड्या बारक्या. पालक घेताना 'ब्लाटश्पिनाट' घे. 'रामश्पिनाट' घेतलास तर त्यात साय मिसळलेली असते, ताकातल्या पालकाला उपयोग नाही. गोठवलेली फरसबी आणि मटार बिनधास्त वापर, हिवाळ्यात तेच ताजं समज.

बटाट्याच्या पिशवीवर तीन प्रकार लिहिलेले असतात. 'फेस्टकोखंड' शिजून अखंड राहतो, तो काचऱ्या आणि रश्शाला. 'मेलिशकोखंड' भुगा होतो, तो वड्याला आणि पराठ्याला. मधला कशालाही.

कोथिंबीर, हिरवी मिरची, पुदिना, कच्चे शेंगदाणे यांसाठी तुर्की किंवा अरबी दुकान शोध. तिथली कोथिंबिरीची जुडी हातात धरली की घरची आठवण येते, मोठी असते चांगली. सुपरमार्केटात कुंडीतलं रोप मिळतं, ते आठवडाभर जगतं.

आणि लाल भोपळा! सप्टेंबरापासून 'होक्काइडो' भोपळ्यांचे ढीग लागतात. साल काढावी लागत नाही, सालीसकट शिजतो. भाजी, भरीत, घारगे सगळं होतं.

हिरवळ

दूधदुभत्याकडे वळा जरा, हा देश त्यासाठीच आहे. क्वार्क नावाचा प्रकार आपल्या चक्क्याचा सख्खा भाऊ आहे. ४० टक्केवाला घ्यायचा, रात्रभर फडक्यात टांगायचा, पिठीसाखर आणि वेलची. श्रीखंड तयार. 'बुटरमिल्श' म्हणजे आयतं ताक, मठ्ठा आणि कढीला उत्तम. शाकाहारी माणसाला क्वार्कमधून प्रथिनंही भरपूर मिळतात, त्यामुळे माझा नाश्ता हिवाळाभर क्वार्क, ओट्स आणि सफरचंद असाच असतो.

पाण्याच्या बाटलीवर 'श्टिल' बघून घे, नाहीतर बुडबुड्याचं येतं. पण घेऊच नको, नळाचं पाणी पिण्याचंच आहे. बाटली घेतलीसच तर फेकू नकोस, प्लॅस्टिकच्या एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात टाकून परत मिळते.

सातारची_आई

पैशांचं विचारू का? ते व्हिसासाठी आधी पैसे भरून ठेवायचं ब्लॉक्ड अकाउंट असतं, त्यातून महिना ९९२ युरो मिळणार म्हणतात. त्यात पोरगी नीट खाईल ना?

पहाटवारा

खाईल काकू. वर्षाचे ११,९०४ युरो त्यासाठीच भरून घेतात. त्यातलं भाडं आणि आरोग्यविमा हे ठरलेले मोठे खर्च. वसतिगृहाची खोली मिळाली तर जेवणाला हात आखडावा लागत नाही, खासगी खोली म्युनिकसारख्या शहरात घ्यावी लागली तर हिशेब घट्ट होतो. कात्री जेवणावर लावायची नाही हे तिला आत्ताच सांगून ठेवा. मुलं सगळ्यात आधी तिथेच बचत करतात.

उंबरठा

बऱ्याच दिवसांनी लिहितेय, संक्रांत होऊन गेली. काय काय बदललं ते सांगते, कारण नंतर हे वाचणाऱ्या कुणाला उपयोग होईल.

दुपारचं जेवण मेन्झात पक्कं केलं आणि दीड वाजता एकटीने जाण्याऐवजी वर्गातल्या मुलांबरोबर साडेअकराला जाते. थुरिंगियाचे क्लोसे, म्हणजे कच्च्या किसलेल्या आणि उकडलेल्या बटाट्याचे मोठे गोळे, लाल कोबीबरोबर मिळतात. मी मांसाचा सॉस नको सांगते आणि डबीतली शेंगदाण्याची चटणी काढते. आता टेबलावर चटणी संपली की मलाच विचारतात. एके दिवशी मुख्य जेवण म्हणून दूधभात आणि वर दालचिनी-साखर आली, आपल्या खिरीसारखी. ती मात्र जेवण म्हणून अजून खाता येत नाही.

संध्याकाळी सातलाच जेवते. लाल मसुराची आमटी-भात किंवा थालीपीठ. डिंकेलच्या पोळ्या जमतात. गोल नसतात, पण मऊ असतात आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्यातही मऊच राहतात. जातं, तुमचे खास आभार.

गुरुवारी आमच्याकडे सगळ्यांचं जेवण असतं. इराणी मुलगा भात करतो तेव्हा तळाची कुरकुरीत खरपुडी मुद्दाम काढून वाटतो. मी पहिल्यांदा केलेल्या आमटीला त्यांनी सूप समजून वाट्या भरून प्यायली, आणि छानच लागली त्यांना. तिळगूळही वाटला. चिक्कीचा गूळ आईने पाठवला होता, तीळ इथलेच. आईला सगळं सांगितलं, काकू. तिला आधीच माहीत होतं.

नाताळात ईझारकाठी दादांनी सांगितल्याप्रमाणे आधीच सोय केली आणि केम्निट्झला गेले. पहाटवारा, तुझ्या मजल्यावरच्या लोकांना पुन्हा थँक्यू सांग.

सूर्य पाचच्या आधीच मावळतो त्याचं अजून जड जातं, आणि आंबट वरणाची आठवण एखाद्या दिवशी अचानक येतेच. पण जेवल्यासारखं वाटतं आता.

एक विचारायचंय. पुढच्या गुरुवारी घारगे करायचेत आणि दुकानात भोपळे कमी दिसायला लागलेत. कधीपर्यंत मिळतील?

भीमातीर

हळूहळू संपतीलच, होक्काइडो हिवाळाभर पुरेसा टिकत नाही. आत्ता दिसतील ते दोन घे, किसून गुळाबरोबर शिजव आणि गार झाल्यावर फ्रीझरमध्ये टाक. डब्यावर नाव आणि तारीख लिही, सहाजणांचा फ्रीझर आहे. करायच्या दिवशी बाहेर काढून त्यात मावेल तेवढं पीठ घाल. डिंकेलचं चालतं की नाही ते जातं यांनी सांगावं.

जातं

चालतं. थोडा बारीक रवा घाला, नाहीतर तळताना तेल पितात.